सव्वीस कोंबड्या आणि एक वादळ

तो आला त्या दिवशी आमच्या कोंबड्या दुपारी तीनलाच झोपायला वर चढल्या होत्या.

मी परसात ज्वारीच्या कण्या टाकून त्यांना बोलावत होते. एकही खाली उतरेना. आडव्या बांबूंवर दाटीवाटीनं बसलेल्या, सगळ्यांचे डोळे उघडे, आणि आवाज मात्र कुणाचाच नाही. आभाळाला तांब्याचा रंग चढला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. सकाळपासून एक चिमणीही दिसली नव्हती.

मागून कुणीतरी विचारलं, शेषेराव सरपंचांचं घर कुठं आहे.

वळून पाहिलं तर सायकल धरून एक तरुण उभा. पापण्यांवरसुद्धा धूळ. मी सांगितलं, सरपंच अहमदपूरला बाजारात गेलेत. त्यानं मान हलवली, पण गेला नाही. उभाच राहिला... आणि मग म्हणाला, तुम्हालाच सांगतो.

नाव शिवमूर्ती, राहणार उदगीरचा. लातूर जिल्हा नवीन झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, तेव्हा त्याला अहमदपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. आंध्राच्या किनाऱ्यावरून मोठं वादळ वर सरकतंय, रेडिओवर सांगितलंय, संध्याकाळच्या आत इथं पोचेल. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत, ज्यांच्याकडं कोंबड्या आहेत, त्यांनी लगेच सोय करावी. तेवढं सांगायला तो गावोगाव फिरत होता.

"तुमी लिंगायत ना?" नावावरून मी विचारलं.

"हाव."

"आन् कोंबड्यांचे डॉक्टर?"

"डॉक्टर न्हाई..." तो चाचरला. "आन् खरं सांगू का — आमच्या घरात अंडंबी चालत न्हाई, अजून एकबी कोंबडी हातात धरलेली न्हाई. लस शिपाई टोचतो, मी लिहून घेतो."

मला हसू आलं. दुपारपासून त्या परसात उमटलेला तो पहिला मोठा आवाज. माझा मलाच तो परका वाटला.

घरात मी आणि आत्या दोघीच होतो. आई कधीच गेलेली. दुष्काळाचं दुसरं वर्ष, म्हणून बाबा बैलं घेऊन मुदखेडच्या पाहुण्यांकडं गेले होते. तिकडं कडबा मिळत होता. आत्याचे, तुळजाबाईचे, गुडघे सुजलेले. ती उंबऱ्यावर बसून हुकूम सोडू लागली आणि शिवमूर्तीनं बाह्या वर केल्या. स्वयंपाकघरावरच्या पत्र्यांवर त्यानं दगड चढवले, वरून चऱ्हाट टाकून ते खांबांना आवळलं. आमची मधली खोली दगडी भिंतीची, वर मातीचं माळवद. कोंबड्या तिथं न्यायच्या ठरल्या.

"दोन्ही पंख दाबून धरायचे," मी दाखवलं. "घट्ट, पण दुखेल इतकं न्हाई."

त्यानं धरली. त्याची पकड सैल पडत होती, म्हणून मी वरून माझे हात ठेवले. दोघांच्या बोटांखाली कोंबडीचं काळीज धडधडत होतं... की कुणाचं, देव जाणे.

बांबूच्या उपड्या डालग्यांखाली मोजून पंचवीस झाल्या. तांबडी नव्हती. ती अंड्यांवर बसलेली, आणि तिनं जागा धरली होती परसामागच्या पायऱ्यांच्या विहिरीत, तळाजवळच्या कोनाड्यात. विहीर दोन वर्षं कोरडीच होती.

काठावर पोचलो आणि दोघंही थांबलो. वर वाऱ्याची झुळूक नव्हती. पण विहिरीतून वाळका पाचोळा आपोआप वर येत होता... सावकाश तरंगत, काठावर टेकत. आतून आवाज येत होता, खाली कुणीतरी गाढ झोपल्यासारखा.

"हवेचा दाब उतरला की जमिनीतली हवा अशी वर येते," तो हळू आवाजात म्हणाला. "लई जवळ आलंय."

मी पायरीवर पाय टाकला. त्यानं माझं मनगट धरलं, लगेच सोडलं. "मी जातो."

खाली उतरण्याआधी तो पाठमोरा झाला. कोंबडी लागू नये म्हणून गळ्यातली लिंगाची चांदीची डबी त्यानं सदऱ्याच्या आतून छातीवरून पाठीवर सरकवली, काहीतरी पुटपुटला. मग उतरला. तो दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिले.

आणि एकदम तो आवाज थांबला. पाचोळा जागच्या जागी खाली बसला. ती शांतता मला सोसेना. ज्याला मी आतापर्यंत कशानंच हाक मारली नव्हती, त्याला मी नावानं हाक मारली. दोनदा.

"आलो," खालून आवाज आला. "ही लई टोचून राहिली."

सदऱ्यात छातीशी कोंबडी, रुमालात अकरा अंडी. आम्ही दार गाठलं आणि पाठोपाठ वारा आला.

नंतरचा तासभर आम्ही दोघं दाराला पाठ लावून बसलो होतो. बाहेर चऱ्हाट तुटलं, एकेक पत्रा किंचाळत उडाला. आत सव्वीस कोंबड्या, पण हूं नाही की चूं नाही. आत्या डालग्यावर हात ठेवून डोळे मिटून होती. मधेच दारावर कुणीतरी तळहातानं थापा मारल्यासारखं झालं... मी उठू लागले तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. वाराच होता. असावा.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तुमची पुढची गावं राहिली असतील ना?

"यादी दुपारीच संपली." तो म्हणाला. "तुमचं गाव यादीत न्हवतंच."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत सांगत होता. महिन्यापूर्वी अहमदपूरच्या स्टँडवर काखेत कोंबडी घेऊन मी कंडक्टरशी भांडत होते. तेव्हा तो मागं रांगेत होता. मी तिकीट मागताना गावाचं नाव त्याच्या कानावर पडलं.

"आन् आज... सगळ्यांना सांगत फिरलो आन् तुमाला न सांगता परत गेलो असतो, तर झोप लागली नसती."

दार हादरलं की त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. एकदा दार हादरलं नाही, तरी लागला. मी सरकले नाही.

सहाच्या सुमाराला वारा पडला. स्वयंपाकघराला छप्पर उरलं नव्हतं. चुलीत पाणी साचलं होतं. तो सायकल पुसू लागला, तेव्हा मी सरळच सांगितलं, "मी कोंबड्या सोडणार न्हाई."

"सोडा म्हनलोच न्हाई." मग हळूच — "आईला कसं सांगायचं, ते मातर सुचेना."

"सुचलं की या," मी म्हणाले.

आठ दिवस कुणी आलं नाही. बाबा परतले, नवे पत्रे बसू लागले. आत्या माझ्याकडं बघायची, मग रस्त्याकडं. नवव्या दिवशी दारात एक बाई उभ्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, पदर नाकाला लावलेला. मागं चार पावलांवर शिवमूर्ती, मान खाली. त्याच्या आईनं, शरणम्मांनी, परसाकडं पाहिलं, कोंबड्यांकडं पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडं. कोंबड्यांचं खुराडं असलेल्या घरात त्या आजवर कधी टेकल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं.

नाकावरचा पदर त्यांनी काढला आणि बाजेवर बसल्या.

"उदगीरपासून एसटीत उभ्यानं आले," त्या म्हणाल्या. "चहा टाक, पोरी."