तालकुलूप आणि लाकडी पाचर

प्रयोगशाळेत टाळ्या थांबत नव्हत्या. खोट्या चोराने मालकाच्या मानेला सुरा लावला, मालकाने गाडीची मूठ धरली, पण दार ढिम्म हललं नाही.

"तालकुलूप फक्त मालकाच्या बोटांतून हृदयाची लय वाचतं," डॉ. मंदाकिनी घैसास सांगत होत्या. "मालकाची धडधड वाढली की दार उघडत नाही. धमकावून चोराला काही मिळत नाही."

"आणि अडीअडचणीला?" पाहुणे अभियंते इनामदार यांनी विचारलं.

"दुसरी वाट ठेवली की चोर नेमकी तीच शोधतो. म्हणून ठेवलीच नाही."

हे म्हणताना त्यांना आई आठवली. अर्धांगवायूने हात लुळे पडलेली आई. 'दोन मिनिटांत येते' म्हणून तिला बाहेर स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर बसवून आल्या होत्या. चाळीस मिनिटं झाली होती, आणि बाहेर जळगावचं मे महिन्यातलं ऊन होतं.

त्या धावत बाहेर आल्या. त्यांच्या गाडीलाही तालकुलूपच होतं. त्यांनी मूठ धरली. लाल दिवा. पुन्हा धरली, पुन्हा लाल. आत आईची मान कलली होती. काच हातोड्याने फुटेना. ती काचही त्यांनीच निवडली होती.

"आधी शांत व्हा," इनामदार म्हणाले. सांगून कोणी शांत होतं का?

"मॅडम, बाजूला व्हा."

गेटवरचे वॉचमन युसुफ शिकलगार. पूर्वी चौकात त्यांचं किल्ल्या बनवायचं, अडकलेली कुलपं उघडून द्यायचं दुकान होतं. 'पाचर आणि तार बाळगणारा तो चोरच,' अशी साक्ष घैसासबाईंनी सरकारी समितीपुढे दिली, तसा कायदा झाला आणि दुकान गेलं. गेटवर बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. चार वर्षं न ओळखल्यासारखं केलं होतं.

शिकलगारांनी केबिनच्या दाराखालची लाकडी पाचर काढली, तिला रुमाल गुंडाळला आणि गाडीच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात हळूहळू सरकवली. बोटभर फट पडली. कपड्यांचा हँगर सरळ करून त्याची तार आत सोडली, आतलं बटण दाबलं.

"रबराला काही होत नाही," ते जुन्या सवयीने म्हणाले.

आईला सावलीत आणून पाणी पाजलं. तिने डोळे उघडले. "आलीस का गं?" एवढंच विचारलं. तक्रार नव्हती. बाईंना तिच्याकडे बघवेना.

आता दवाखाना गाठायचा होता. एव्हाना गाडीचं दार बंद होऊन कुलूप आपोआप लागलं होतं. बाईंनी मूठ धरली. लाल दिवा.

"आता कसली भीती? आई तर बऱ्या आहेत," इनामदार म्हणाले.

भीती नव्हतीच, लाज होती. कुलपाला फक्त धडधड कळत होती, आणि ती आज थांबणार नव्हती.

बाई मागे वळल्या. मान वर होत नव्हती.

"शिकलगार," त्या म्हणाल्या, "ती पाचर जरा पुन्हा लावाल का?"