दाराबाहेरच्या बॅगा

सकाळी लॉजवर चहाच्या वेळी बसची किल्ली गायब झाल्याचं कळलं, आणि सहलीतल्या मंडळींचा उरलासुरला धीरही सुटला.

"आता हद्द झाली," वकीलसाहेब म्हणाले. "आधी चाकांतली हवा, मग पुढच्या मुक्कामाचा घोळ, आणि आता किल्ली. मालकाला फोन लावा. हा ड्रायव्हर आम्हाला नको."

सहलीची मॅनेजर म्हणजे एक तरुण मुलगी. तिने फोन लावला. मालकाने फार शब्द खर्च केले नाहीत. दुपारपर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर ड्रायव्हरने घरी बसावं, दुसरा माणूस येईल. दाराशी उभ्या ड्रायव्हरने हे सगळं ऐकलं. त्याने टोपी काढली आणि उगाच परत घातली.

खिडकीपाशी फौजदारबाई पावाला लोणी लावत होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नाव तेच चिकटलं होतं आणि खोडही तीच. कुणाला नाहक धारेवर धरलेलं त्यांना बघवत नसे.

"दुपारपर्यंत वेळ आहे ना?" त्यांनी सुरी खाली ठेवली. "मग मला जरा विचारपूस करू द्या."

ड्रायव्हरला घेऊन त्या अंगणात आल्या.

"किल्ली कुठे असते?"

"काउंटरमागच्या खिळ्याला, बाई. मुक्कामी पोचलो की तिथेच अडकवायची, असा मालकाचा नियम आहे."

"म्हणजे जेवायला जाताना कुणाच्याही हाताला लागेल."

"कुणाच्याही."

"गाडी अडकली की तुला काय मिळतं?"

"शिव्या," ड्रायव्हर म्हणाला. "बायकोला नववा लागलाय, बाई. मला घरी पोचायची घाई आहे. नोकरी घालवून गेलो तर कुठल्या तोंडाने सांगू तिला?"

"त्या दिवशी टायर फाडले होते?"

"छे. नुसती हवा सोडली होती."

फौजदारबाईंनी मॅनेजर मुलीला गाठलं. "पुढच्या लॉजवर फोन कुणी केला होता?"

"पुरुषाचा आवाज होता म्हणे. सहलीचा मॅनेजर बोलतोय, आम्ही एक दिवस उशिरा येतोय, असं सांगितलं. निघताना कळलं, त्या दिवशी तिथे खोल्याच नाहीत. मॅनेजर तर मी आहे. आणि नंबर कार्यक्रमाच्या कागदावर छापलेला आहे, तो कागद सगळ्यांकडे आहे."

म्हणजे कुणाचं वाईट करायचं नव्हतं. नुसतं थांबवायचं होतं.

फौजदारबाई वरच्या मजल्यावर गेल्या. या सहलीची एक शिस्त होती. निघायच्या सकाळी चहाला उतरण्याआधी प्रत्येकाने बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, ड्रायव्हर त्या खाली नेई. आजही व्हरांड्यात बॅगांची रांग होती. वकीलसाहेबांची कुलूप घातलेली पेटी नेहमीप्रमाणे वाटेत होती, आणि बाईंचा गुडघा नेहमीप्रमाणे तिच्यावर आपटला. गुडघा चोळत त्या शेवटच्या दारापर्यंत पोचल्या. तिथे फरशी रिकामी होती.

दार उघडंच होतं. आत ड्रॉइंगचे मास्तर आपल्या बायकोची वेणी घालत होते. अख्खी बस तिला काकू म्हणायची. काकूंना हल्ली काही आठवत नसे. त्या खिडकीबाहेर बघत खुशीत बसल्या होत्या. पलंगावर कपडे पसरलेले, फळीवर औषधं मांडलेली.

"या ना," काकू म्हणाल्या. "आज कुठे जायचंय आपल्याला?"

"आज इथेच, बागेत," मास्तरांनी उत्तर दिलं.

"सहल संपते त्या गावात तुमचं कुणी आहे का, मास्तर?"

"मुलगा राहतो." मास्तर कंगव्यात अडकलेला केस काढत बसले. तो निघाला तरी त्यांनी मान वर केली नाही.

फौजदारबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. न कळतं तर बरं झालं असतं, असंही वाटत होतं.

दुपारी सगळे जेवणाच्या खोलीत जमले. काकू बागेत मॅनेजर मुलीबरोबर होत्या, ती सोय बाईंनीच केली होती.

"तिन्ही कामं एकाच माणसाची," त्या म्हणाल्या. "दर वेळी फक्त एक दिवस वाढला. कुणाला खरचटलंही नाही. म्हणजे ज्याला आणखी दिवस हवे होते, त्याने हे केलं. पण त्याच्याकडून एक चूक झाली. निघायच्या दिवशी आपण सगळे बॅगा भरून बाहेर ठेवतो, कारण गाडी सुटणार असं आपण धरून चालतो. सुटणार नाही हे त्याला आधीच ठाऊक होतं. त्याने बॅग भरलीच नाही. हवा गेली त्या सकाळी त्याचे टॉवेल कठड्यावर वाळत होते. लॉजचा घोळ झाला तेव्हा ड्रायव्हरने सगळ्यांच्या बॅगा परत वर आणल्या, पण एका दाराशी तो थांबला नाही. आज तिथे मी स्वतः बघून आले. नाव मी घेणार नाही. फक्त एक सांगते. ड्रायव्हरच्या बायकोला नववा महिना आहे."

खुर्ची सरकली. मास्तर उठले आणि त्यांनी खिशातली किल्ली टेबलावर ठेवली.

"तुझा विचार माझ्या मनातच आला नाही रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "माफ कर मला."



"मुलाने हिच्यासाठी तिकडे एक जागा बघितली आहे. विसरणाऱ्या माणसांना सांभाळतात. जोडप्यांना घेत नाहीत. मुलगा वाईट नाही हो. मला एकट्याला ती झेपत नाही, हेही खरं. मध्ये गॅस तसाच सुरू राहिला होता, दोघंही गेलो असतो. आईला एकदा फिरवून आणा, म्हणाला, मग इथेच या. सहल संपली की ती तिथे आणि मी घरी."

"पण मास्तर, नुसती बॅग बाहेर ठेवली असती तर कुणाला संशय आला नसता," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पार उतरला होता.

"भरलेली बॅग दिसली की ती रडते. मला कुठे सोडायला निघालात, असं विचारते. खरंच निघायचं असतं तेव्हा इलाज नसतो. पण थांबायचंच आहे हे मला ठाऊक असताना तिला कशाला रडवू?"

ड्रायव्हरने किल्ली उचलली. "आधी माझ्या कानावर घालायचं होतंत, मास्तर," तो म्हणाला. "गाडी काय, बिघडतेच."

मालकाला फोन गेला, ड्रायव्हरची नोकरी वाचली. उद्या सकाळी निघायचं ठरलं. या वेळी बॅग भरून बाहेर ठेवीन, असा मास्तरांनी शब्द दिला. नोकरीत असताना चोर सापडला की फौजदारबाईंना दोन घास जास्त जात. त्या दिवशी ताट तसंच राहिलं.

सकाळी उठल्यावर त्यांनी बॅग भरली नाही. या वयात आपण एकटीच असला वेडेपणा करतोय, असं मनात म्हणत त्या चहाला निघाल्या. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकल्या.

व्हरांडा मोकळा होता. वकीलसाहेबांची पेटीसुद्धा नव्हती. खाली अंगणात ड्रायव्हर बसचं झाकण उघडून, इंजिनाकडे पाठ करून चहा पीत उभा होता.

फक्त अगदी टोकाच्या दाराबाहेर एक बॅग होती. मास्तरांनी शब्द पाळला होता. शेजारी स्टुलावर काकू बसल्या होत्या. वेणी घट्ट, डोळे सुजलेले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते आणि रिकाम्या व्हरांड्याकडे नुसते बघत होते.

"मला कुठे सोडायला निघालेत हो हे?" काकूंनी विचारलं.

"कुठे नाही," फौजदारबाई म्हणाल्या. त्यांनी बॅग उचलली. "आज गाडी बिघडली आहे. आज इथेच."

काकूंनी पदराने डोळे पुसले. चेहऱ्यावर हसू आलं.

"आणि उद्या?"

मास्तरांनी मान फिरवली. फौजदारबाईंनी बॅग आत नेऊन पलंगाखाली सरकवली, आणि त्या तिथेच वाकून राहिल्या.