लायब्ररीचा कॉम्प्युटर जिवंत आहे

जिन्याच्या वळणावर दोघं समोरासमोर आले, आणि वर्षभरात वर्गात चार वाक्यंही न बोललेला तो मुलगा चक्क बोलला.

"लायब्ररीचा कॉम्प्युटर बंद आहे असं कुणी ठरवलं... तू?"

उंच, सरळ, गप्प – म्हणून सगळे त्याला खांब म्हणायचे. तिला म्हणायचे कुदळ. भांडकुदळचं लाडकं रूप. आज खांबाचे कान लालबुंद झाले होते, आणि ते त्याला इतके शोभत होते की कुदळीला उगाचच राग आला.

"मी नाही, माझ्या प्रोग्रामनं. शाळेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरपर्यंत पोचता येतं का, ते तो बघतो. तुझा उत्तरच देत नाही. सरांनी त्यानं काढलेली यादी वाचली आणि म्हणाले, भंगारात काढा. यात माझं काय चुकलं?"

"त्यात दोन हजार पुस्तकांची यादी आहे. तीन महिने डबा खायचा सोडून टाइप केलीय मी. ही मधली सुट्टी संपली की तो उचलून नेणार. चल, दाखवतो."

विनंती नाही, काही नाही... चल म्हणे. आणि ती गेली की हो.

लायब्ररीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यानं पुस्तकांची यादी मागवली. झटकन आली. तिनं शेजारी बसून प्रोग्राम चालवला – पोचता येत नाही. पुन्हा चालवला. तेच.

"हा काय उद्धटपणा? तुला उत्तर देतो आणि मला नाही?"

"सरांनी तुझा प्रोग्राम चालवला तर त्यांनाही देईल," तो जरा वाकून म्हणाला. "सरळ हाक मारायची परवानगी फक्त त्यांच्या खात्याला आहे. आपल्या खात्यातून तुझा प्रोग्राम हाक मारतच नाही, एका जुन्या दारावर टकटक करतो. बाकीचे कॉम्प्युटर निदान 'हे दार बंद आहे' असं सांगतात, म्हणजे आत कुणीतरी आहे हे कळतं. माझा अनोळखी टकटकीला गप्प राहतो. मीच शिकवलंय तसं."

"मालकावर गेलाय अगदी."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला बारीकशी खळी पडायची – ही बातमी वर्गात कुणालाच नव्हती.

"एक मिनिट... माझ्या प्रोग्रामच्या आतलं तुला कसं माहीत?"

"वर्गाच्या फोल्डरमध्ये सगळ्यांचे प्रोग्राम असतात ना. वाचतो मी. तुझे सगळे."

"सगळे? मग ही चूक कधी दिसली?"

"...पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस, आणि तोंडातून शब्द नाही?"

"तू भांडली असतीस."

"भांडलेच असते."

"आणि मग कायमची बोलायची थांबली असतीस तर?"

"आत्तापर्यंत कुठे बोलत होतो आपण, शहाण्या?"

तिनं खाडखाड टाइप करून प्रोग्राम बदलला. आता तो पुस्तकांची यादी जिथून मिळते त्याच दारावर जाणार होता. चालवला – पोचला.

ती उठली तसा तो दारात आडवा आला. "सर आज प्रदर्शनासाठी प्रोग्राम निवडतायत. चूक कबूल केलीस तर तुझा जाईल."

"जाऊ दे. धडधाकट कॉम्प्युटर माझ्यामुळे भंगारात? शक्य नाही. हो बाजूला."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "कॉम्प्युटर राहू दे," ते म्हणाले. "पण न तपासलेला प्रोग्राम मी प्रदर्शनात ठेवू शकत नाही. पुढच्या वर्षी बघू."

ती तणतणत बाहेर आली. "पुढच्या वर्षी म्हणे. खरं बोलायचं आणि वर शिक्षाही भोगायची. हा कुठला न्याय?"

"मला तू आवडतेस," खांब म्हणाला.

ती जागीच थांबली. "हे सांगायची ही वेळ आहे? माझा प्रोग्राम बाद झालाय, डोकं तापलंय, केस बघ कसे झालेत... आणि तू आत्ता बोलतोस?"

"आधी धीर नव्हता."

"आणि आता कुठून आला?"

"तू आत गेलीस ना... सरांकडे. ते बघून."

तिनं रागानं त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला. जमेना. त्याची बाही तेवढी चिमटीत धरली – आणि सोडली नाही.

"मी रोज भांडेन हं."

"चालेल."

"रविवारी सुट्टी."

"बरं."

दोन पायऱ्या उतरेपर्यंत तिनं रविवारची सुट्टीही रद्द केली.