मागून पहिली

"त्याने बटण बंद केलं होतं का, एवढंच मला सांगा," शिवणकाम करणारी ती बाई वहिनींना म्हणाली. ती रडत नव्हती. समोरचा चहा निवून गेला होता.

भिंतभर व्हिडिओ पडदे तेव्हा नवे होते. तिचा धाकटा भाऊ त्यांची वायरिंग करायचा. परवा सभागृहात पडद्यामागेच शॉक लागून गेला. चूक त्याचीच, असं ठेकेदार सगळीकडे सांगत होता.

"बटण बंद केलं की त्याला माझ्याकडची लाल चिंधी बांधायचा. चिंधी दिसली की दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. पण चिंधी कुणालाच दिसली नाही म्हणे."

वहिनींनी चष्मा पर्समध्ये टाकला. शोधकामावर निघताना त्या दिरांना सोबत घेत. भावोजी रिटायर झाल्यापासून मोकळेच होते.

पडदा चार उभ्या पट्ट्यांचा होता. प्रत्येक पट्टीला वेगळं बटण.

"पोरगं गुणी, पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं," ठेकेदार म्हणाला. "काम पहिल्या पट्टीचं, बंद केली चौथी. मी आलो तेव्हा चौथं बटण खाली, बाकी सगळी वर, चालू."

"पहिली म्हणजे कुठली?"

"मागे उभं राहिलं की डावीकडची. आम्ही मागूनच मोजतो. बटणांवर नंबरही त्यानेच घातले."

बटणांचा बोर्ड बाजूच्या बोळात होता. तिथून पडदा दिसत नव्हता. पहिल्या बटणाच्या फटीत लाल धागा अडकला होता. खाली कचऱ्याच्या डब्यात चिंधी सापडली. तिची गाठ तशीच होती.

सभागृहाचा मॅनेजर पडद्यासमोरच्या टेबलाशी बसला होता.

"पाहुणे यायचे होते, मी इथून चित्रं तपासत होतो. तो चौथ्या पट्टीमागे होता. ओरडला, तसा मी धावलो."

"बोर्डाला हात लावलात?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

बाहेर येताच भावोजी कुजबुजले, "वहिनी, एक जण पहिली म्हणतो, दुसरा चौथी. कुणीतरी थापा मारतंय."

"पट्टीपुरते दोघंही खरं बोलताहेत, भावोजी. तिथेच तर गोम आहे."

वहिनींनी त्या मुलाच्या बहिणीला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना पडद्यासमोर उभं केलं.

"भावोजी, माझ्याकडे तोंड करा. उजवा हात वर. बघा, माझ्या डावीकडे आला. मागून जी पहिली, तीच समोरून चौथी. नंबर घालणारा माणूस त्यात चुकणार नाही. त्याने पहिलंच बटण पाडलं आणि चिंधी बांधली. धागा त्याच बटणात आहे. इथे समोर एक पट्टी काळी पडली. पाहुणे दाराशी येणार. चिंधीचा अर्थ ठेकेदाराला ठाऊक होता. ज्याला ठाऊक नव्हता, त्याने ती कचरा समजून ओढून काढली आणि कुठलं बटण खाली आहे ते न बघताच तळहाताने सगळी वर सारली."

मॅनेजर खुर्चीत बसला.

"पण चौथं खाली कसं?" भावोजी म्हणाले.

"तो ओरडल्यावर कुणीतरी ते पाडलं. समोरून मोजणाऱ्याने."

"मी वाचवायलाच धावलो होतो," मॅनेजर पुटपुटला. "चौथं लगेच बंद केलं मी."

"त्याच्या पट्टीचं बटण पहिलं," वहिनी म्हणाल्या. "ते चालूच राहिलं."

पडद्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं. ठेकेदाराने मान खाली घातली.

"म्हणजे त्याने बंद केलं होतं," बहीण म्हणाली.

"केलं होतं."

वहिनींनी चिंधी तिच्या हातात दिली. तिने गाठ सोडायचा प्रयत्न केला. नखाने, मग दातांनी. सुटली नाही.

"घट्ट बांधायचा," ती म्हणाली, आणि चिंधी तशीच मुठीत धरून दाराकडे चालू लागली.