वाकणावरचं पीठ

अमीसे त्या दिवशी भलताच खुशीत होता. नांपुलाच्या दवाखान्यातून त्याची बायको अतीजा आठ दिवसांचं बाळ घेऊन संध्याकाळच्या गाडीने येणार होती. त्याआधी वाकणावरचा खचलेला रूळ तेवढा नीट करायचा होता.

कोळशाच्या मालगाड्यांनी त्या वाकणाचं पार भुसकट केलं होतं. चाकांचा भार पडला की खालची ओली माती दबे, खडीतून पांढरा चिखल फसकन वर येई आणि रूळ आणखी बोटभर खाली जाई. अतीजाचे वडील, मुकादम म्वापाले, मरेपर्यंत बजावत होते, "पोरांनो, आधी चिखल उपसा! नुसती खडी टाकाल तर जमीन तीही गिळेल."

रिवाजाप्रमाणे अमीसेने चिंचेखाली त्यांच्या नावाने ज्वारीचं पीठ ठेवलं. आज नातवाचं म्हणून मूठभर जास्त.

"उपसायला वेळ कुठाय?" जोडीदार सेलेमाने म्हणाला. "टाक खडी. सासरा काय बघायला येतोय!"

दोघं खिदळले. खडी टाकली, पहारीने ठासली. मालगाडी धडधडत गेली आणि सगळी खडी गडप! स्लीपरखाली हातभर पोकळी.

तोच संध्याकाळच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. लाल झेंडा घेऊन अमीसे धावत सुटला, पण अतीजाची गाडी वाकणात शिरली होती. अंधारून आलेलं, ड्रायव्हरला झेंडा दिसलाच नाही.

तेवढ्यात पायाखालून आवाज आला. ठक... ठक-ठक. कुणीतरी आतून खडी ठासत होतं.

"ऐकलंस...?"

"ही तर मुकादमांची पहार..." सेलेमाने मागे सरला.

गाडी वरून गेली. रूळ हललासुद्धा नाही. खडीतून चिखल आला नाही, ज्वारीचं पीठ उडालं.

स्टेशनावर अतीजा हसत उतरली. अमीसेच्या जिवात जीव आला. बाळाच्या कपाळावर पिठाचं बोट ओढलेलं होतं, त्यांच्यात आजोबा नातवाला लावतात तसं.

"हे कुणी लावलं?"

"वाकणावर खिडकीतून हात आला ना! तुमच्यातलंच कुणी असेल म्हटलं."

"अगं, गाडी धावत होती..."

"हो की! आणि अहो, त्याला हात तरी धुवायला सांगायचं. कोपरापर्यंत ओला चिखल!"

सेलेमानेने चिखल उपसायला फावडं उचललं. लांबून पुढच्या मालगाडीची शिट्टी आली, आणि वाकणाकडून पुन्हा... ठक.