भगवंतरावांच्या वहाणा

वहाणा आणायच्या, एवढंच काम होतं. सोमवारी संध्याकाळी मोरेश्वर कलाबाईंच्या घरी गेला तो तेवढ्यासाठीच, आणि मनातून घाईत होता. परवा बुधवारी, छप्पन सालच्या एकतीस ऑक्टोबरला, नागपूरच्या कॉलेजची टीम सौसरला यायची होती. गुरुवारपासून नवं राज्य सुरू होणार, सौसर-पांढुर्णा भोपाळच्या पदरात पडणार आणि नागपूर परराज्यात जाणार. तेव्हा नागपूरवाल्यांना हरवायची ही शेवटची संधी, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. मोरेश्वर बास्केटबॉल टीमचा कप्तान.

सौसरचं कॉलेज तेव्हा तीन खोल्यांचं, मैदान मातीचं, आणि रिंग गावच्या लोहारानं वाकवून दिलेली. पण टीमच्या मागं फिरणारी माणसं अशी, की मोठ्या कॉलेजांनी हेवा करावा. कापसाच्या गाड्या हाकणारे, संत्र्यांचे बागाईतदार, दोन-तीन मास्तर, असा वीस-पंचवीस जणांचा गोतावळा मोटारीच्या टपावर बसून छिंदवाड्याला, बैतूलला जायचा. त्यांचे म्होरके भगवंतराव. तहसिलीत कारकून, डाव्या पायानं अधू. लहानपणी बैलगाडीचं चाक पायावरून गेलेलं. मैदानाच्या कडेला निंबाखाली त्यांची लोखंडी खुर्ची ठरलेली असे. आपला खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की सगळे गप्प होत आणि भगवंतराव एकटेच म्हणत, "हळू... घाई नाही." पोरं कधी त्यांच्या हातात चेंडू ठेवत, तुम्हीही एक टाकून पाहा म्हणत. ते चेंडूवरून हात फिरवत आणि परत करत. "पुढच्या जन्मी, बाप्पा," म्हणून हसत.

नागपूरला जाऊन नागपूरवाल्यांना हरवलं तर पाच पोट्टे अन् मी, सहा जण पायी येऊ, असा नवस त्यांनी जामसांवलीच्या मारुतीला बोलला होता. ऑगस्टात टीम खरंच जिंकली, आणि बाराव्या दिवशी भगवंतराव तापानं गेले. नवस राहिला. पुढं टीम ओळीनं तीन सामने हरली. सराव कमी पडला म्हणावं तर तसंही नव्हतं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट, नवस आडवा येतोय.

शेवटी तोड काढली ती भगवंतरावांच्या बायकोनं, कलाबाईंनी. भगवंतरावांच्या वहाणा घालून कुणीतरी सहावा म्हणून चालायचं. त्यांनी वहाणा कोपऱ्यातून काढून पदरानं पुसल्या. डावीचा तळ बाहेरच्या बाजूनं पार घासलेला होता, उजवी जवळजवळ कोरी.

"जो घालीन त्याले जाता-येता भगवंतराव म्हणूनच हाक मारा," कलाबाई म्हणाल्या. "त्याचं सोताचं नाव घेऊ नका. तवाच सहावा पुरा होते. पण येताना सरळ माझ्या दारी आणा. वहाणा माझ्या दारातून चालल्या, माझ्याच दारात उतरल्या पाहिजेत. मी त्याले त्याच्या नावानं तीनदा हाक मारीन, मंग त्यानं घरी जावं. इसरू नको, मोरेश्वर."

"नाही इसरत, काकू," तो म्हणाला आणि वहाणा काखोटीला मारून निघाला.

वहाणा घालायच्या कुणी, यावर पोरं एकमेकांकडं पाहू लागली. कप्तान म्हणून मोरेश्वरनंच पाय पुढं करायला हवा होता. पण त्याचं मन कचरलं. राखीव खेळाडूंतल्या कुणाला सहावा घ्यावं, तर तिथंही कुणी तयार होईना. तेव्हा विनायकच म्हणाला, "मी घालतो. माझ्या जागी राखीवातला कवडू चालू द्या पाचवा." विनायक सावरगावचा, वयानं सगळ्यांत लहान, नेमबाजीत सगळ्यांत पक्का. मोरेश्वरच्याच घरी राहून शिकायचा. विनायकच्या आईनं त्याला सोडताना मोरेश्वरचा हात धरला होता. "एकटा हाये माझा. जसा नेऊन राहिला तसाच परत आणजो," एवढंच ती बोलली होती. मोरेश्वरला ते त्या क्षणी आठवलं, तरी त्यानं वहाणा विनायकच्या पुढ्यात ठेवल्या.

मंगळवारी पहाटे सहा जण निघाले. सुरुवातीला गंमतच होती. "भगवंतराव, पाणी पाहिजे का?" "भगवंतराव, बिडी आणली का?" विनायकही मान डोलावून उत्तर देत होता. वहाणा त्याला दोन बोटं मोठ्या होत्या, फटक फटक वाजत होत्या. संत्र्यांचे मळे मागं पडले, ऊन चढलं, आणि केव्हातरी तो फटक फटक आवाज थांबला. मोरेश्वरनं वळून पाहिलं. वहाणा विनायकच्या पायांत बेतानं बसल्या होत्या आणि तो डावा पाय ओढत चालत होता.

"चावून राहिली का बे?" अनिलनं विचारलं. अनिल टीममधला उंच गडी, बोलायलाही तसाच मोकळा.

"नाही," विनायक म्हणाला. "सवय हाये."

सगळे हसले. मोरेश्वरही हसला, पण जरा उशिरा.

जामसांवलीच्या देवळात आडव्या निजलेल्या मारुतीच्या मूर्तीपुढं नारळ फोडला, सहा जणांनी कपाळं टेकली. बाहेर आले तर वहाणा नाहीत. बाकी साऱ्यांची पायताणं जागच्या जागी, तेवढीच जोडी गायब. अनिलनं टाळी दिली. "देवळात वहाण गेली म्हणजे पनवती गेली. उद्याची मॅच आपलीच." इतरांनाही ते पटलं. देवळाबाहेर चप्पल चोरीला गेली की माणूस हळहळतो आणि वर हायसंही वाटून घेतो, तसंच झालं. विनायक अनवाणी उभा होता. त्यानं डावा पाय उचलून पाहिला, टेकवला, पुन्हा उचलला. लंगडणं कुठल्या कुठं गेलं होतं.

पांढुर्ण्याकडून येणारी मोटार मिळाली. मोरेश्वरला कलाबाईंची ताकीद आठवत नव्हती असं नाही. पण वहाणाच नाहीत तर उतरवायचं काय, आणि त्या हरवल्या हे म्हातारीला सांगायचं कुठल्या तोंडानं? उद्या मॅच झाली की जाऊ, असं त्यानं ठरवलं. विनायकला विश्रांतीही हवी होती.

बुधवारी सकाळी मोरेश्वर उठला तेव्हा विनायक अंगणात डाव्या पायावर उड्या मारत होता. एक, दोन, तीन, चार... मग थांबून गुडघा दाबून पाहायचा आणि पुन्हा उड्या. डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. मोरेश्वरच्या आई, प्रेमलताबाई, चहा घेऊन आल्या. विनायक त्यांना मावशी म्हणायचा. त्यानं कपबशी दोन्ही हातांनी घेतली, फुंकर घातली.

"साखर जरा जास्त झाली, वहिनी."

प्रेमलताबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्यांना वहिनी म्हणणारं, आणि दर वेळी साखरेवरून कुरकुरणारं माणूस गावात एकच होतं. त्या आत गेल्या.

"विन्या," मोरेश्वरनं हाक मारली.

विनायक चहा पीत राहिला.

"विन्या... ए..."

"हं? मले म्हणून राहिला का?" विनायक म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

चार वाजता मैदानाभोवती माणूस मावेना. भगवंतरावांची खुर्ची गोतावळ्यानं निंबाखाली तशीच ठेवली होती, पाठीला झेंडूची माळ घालून. खेळ सुरू झाला. विनायकला चेंडू मिळाला तेव्हा त्यानं तो पोटाशी धरला, नुसता धरूनच उभा राहिला. पहिले तीन चेंडू त्यानं बोर्डाच्याही वरून फेकले. शेंबड्या पोरानं फेकावे तसे. लोक ओरडू लागले. पण तो धावत होता, विनाकारण, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि धावण्याचाच त्याला इतका आनंद होत होता की बघणाऱ्याला भीती वाटावी. हळूहळू त्याचा हात बसला. मग चेंडू रिंगेत पडू लागले.

फ्री थ्रोच्या आधी डाव्या हाताची चुटकी दोनदा वाजवायची, ही विनायकची वर्षानुवर्षांची खोड. वाजवल्याशिवाय त्यानं कधी थ्रो घेतला नव्हता. आज त्याला दोन थ्रो मिळाले. दोन्हीला त्यानं चुटकी वाजवली नाही. पण मोरेश्वरनं ती ऐकली. टिक... टिक. निंबाखालून.

त्यानं तिकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती. झेंडूची माळ हलत होती, आणि वारा म्हणाल तर पानही हलत नव्हतं.

मध्यंतरात तो धावतच खुर्चीपाशी गेला. कलाबाई तिथंच पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या.

"वहाणा कुठं हायेत?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. कलाबाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर मैदानावर होती. विनायक एकटाच चेंडू जमिनीवर आपटत, झेलत, पुन्हा आपटत होता.

"दारी आणलं असतं तं मीच हाक मारली असती," त्या म्हणाल्या. "आता तू मार. तुवाच वहाणा ठेवल्या त्याच्याम्होरं. तीनदा मार, मोठ्यानं. जोवर खेळ चालू हाये तोवर येईन तो. मानूस आपल्या जागेवरून लई दूर जात नाही."

मोरेश्वरनं तोंड उघडलं. कलाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"पर... एक पडू दे. शेवटचा. जनमभर बसून पाह्यलं रे त्याईनं."

मोरेश्वरनं तेव्हाच हाक मारायला हवी होती. हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण टीम दोन गुणांनी मागं होती, गुरुवारी नागपूर परकं होणार होतं, आणि ज्याच्या हातून चेंडू रिंगेत पडत होते तो कोण आहे याची चौकशी खेळ संपल्यावरही करता आली असती. कलाबाईंच्या शब्दांत त्याला सोय दिसली. खरं सांगायचं तर ती म्हातारीपेक्षा त्याची स्वतःची सोय होती.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी झाली. नागपूरवाल्यानं विनायकला धक्का दिला, पंचाची शिट्टी वाजली, एक फ्री थ्रो. सगळं मैदान गप्प झालं. निंबाखालून चुटक्या येऊ लागल्या. दोन नाही, एकामागून एक, घाईघाईनं, दार ठोठावल्यासारख्या. बाकी कुणाला त्या ऐकू जात होत्या असं दिसलं नाही. विनायक रेषेवर उभा होता. त्यानं मोरेश्वरकडं पाहिलं. ते डोळे वयस्कर होते, आणि विनवत होते.

"हळू..." विनायक स्वतःशीच पुटपुटला. "घाई नाही."

मोरेश्वरनं हाक मारली नाही. चेंडू रिंगेला न शिवता आत पडला आणि शिट्टी झाली.

लोकांनी विनायकला खांद्यावर घेतलं. त्या गदारोळात मोरेश्वर खुर्चीकडं पळाला. "विनायक," तो ओरडला. "विनायक... विनायक..."

"ओ, मोरूभाऊ," अगदी कानाशी आवाज आला. दमलेला, लहानसा. "मी कवाचा बसून राहिलो इथं. मले उठता नाही येऊन राहिलं..."

मग काही नाही. खांद्यांवरचा विनायक मागं वळूनही पाहत नव्हता. कलाबाई तोंडावर पदर दाबून रडत होत्या. खुर्चीखाली भगवंतरावांच्या वहाणा होत्या, धुळीनं माखलेल्या, टाचा मैदानाकडं आणि अंगठे सावरगावच्या रस्त्याकडं.

विनायक दिवाळीला घरी गेला. पुढं तहसिलीत चिकटला, चांगला संसार केला. त्याच्या आईनं मोरेश्वरला एकदाच निरोप पाठवला. पोरगा गुणाचा निघाला, पण जेवायला बसला की माझ्याकडं परक्या बाईकडं पाहावं तसं पाहतो, तू माझं काय आणून दिलंस?

वहाणा मोरेश्वरनं आपल्याच घरी ठेवल्या. माळ्यावर, फडक्यात बांधून. घरात त्यांना कुणी हात लावत नाही. तरी दर पोळ्याला त्या चांभाराकडं न्याव्या लागतात, कारण तळ झिजून आरपार होतात. पहिल्या वर्षी चांभारानं दोन्ही उलटून पाहिल्या होत्या.

"कोन घालते, भाऊ?" त्यानं विचारलं. "लई चालते बापा. अन् पाय सरळ हायेत त्याचे. दोन्ही सारख्याच झिजल्या."