छतावरची चमकती पट्टी

कावळा शिवेना म्हणून कारभारी तात्यांचं अख्खं घर उपाशी बसलं होतं. पितृपक्षातलं ऊन, आबांचं श्राद्ध, छतावर वाढलेलं पान आणि आभाळ रिकामं. शेवटी तात्यांनी पोरीलाच पिटाळलं, "तेजू, घाटावर बघ गं, कुठं मेलेत सगळे कावळे."

सायखेड्याच्या घाटावर एक पोरगा पायरीवर पालथा पडून दुर्बिणीत डोळे घालून होता.

"ओ, कावळे दिसले का?"

"हळू... धोबी आलाय." त्यानं मानही वळवली नाही. "हिमालयापलीकडून आलाय बिचारा. यंदाचा पहिलाच. एवढंसं पाखरू, शेपूट बघा कशी हलवतंय."

"आमच्याकडं माणसं उपाशी, अन् तुम्हाला शेपटीचं पडलंय."

तेव्हा त्यानं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं... "ते पिवळं घर तुमचं? छतावर द्राक्षबागेतली चमकती पट्टी बांधलीय. पाखरं भ्यावीत म्हणूनच असते ना ती? कावळा काय आंधळाय?"

तेजस्विनीनं जीभ चावली. शेंगा वाळत घातल्या तेव्हा तिनंच बांधली होती. घरी जाऊन तिनं पट्टी सोडली, अन् घटकाभरात कावळा पानावर. तात्यांनी हात जोडले, डोळे पुसले.

पुढच्या रविवारी ती घाटावर गेली — आभार मानायला, असं स्वतःला सांगून. मग कितीतरी रविवार.

"हा निळा कोण?"

"खंड्या."

"अन् तो, काळा-पांढरा?"

"माझ्याकडं बघून विचारा, मग सांगतो."

"तुमच्याकडं काय बघायचं? पंख हायत का?"

"नाहीत. म्हणून तर उडून जाणार नाही."

थंडीत दुर्बीण या हातातून त्या हातात जायची. बोटं मात्र... बोटं तिथंच राहायची.

उन्हाळ्यात भावानं दोघांना पाहिलं. तात्यांनी पोराचं शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. आडनाव विचारलं. आयुष एकलहऱ्याच्या कॉलनीतला, बौद्ध. संपलं. ज्याच्यामुळं यांच्या बापाच्या पानाला कावळा शिवला, त्याला दारात उभं करायला यांची जात आडवी येते. तेजूचा फोन काढून घेतला. निफाडकडचं स्थळ आलं. दिवाळीनंतर लग्न. जमलं म्हणतात, लावलं म्हणायची लाज वाटते ना.

शेवटचं देवळामागं उभ्या उभ्या भेटले, तेव्हा आयुष म्हणाला, "आबांच्या श्राद्धाला मी पलीकडच्या काठावर असेन. छतावर पट्टी चमकत राहिली तर समजेन, संध्याकाळी तू पुलावर येतेस. नसली... तर परत या काठाला फिरकणार नाही."

श्राद्धाच्या पहाटे तिनं पट्टी बांधली. पाण्याच्या टाकीमागं, घरच्यांना दिसू नये अन् नदीवरून लखलखावी अशी. कपड्यांची पिशवी कोठीत दडवली.

पान वाढलं. बारा वाजले, एक वाजला. कावळे लांब लिंबावर बसलेले. तात्या विनवायला लागले, "आबा, काय राहिलंय मनात? नातीचं लग्न थाटात करतो. गावजेवण घालतो. या की..." सगळं कबूल करत गेले. एक सोडून.

दोन वाजता आई जिन्यातच बसली. तिला साखर होती. ओठ पांढरे पडलेले, कपाळ घामानं भिजलेलं.

"आई, दोन घास खा ना गं."

"कावळा शिवल्याबिगर? नाय बाई, आबा काय म्हणतील..." अन् तिची मान कलली.

तेजस्विनी उठली. टाकीमागं गेली. गाठ घट्ट बसली होती. दातांनी तोडावी लागली.

कावळा आला. भातात चोच मारली.

"बघ तेजू," तात्यांनी हात जोडले, "आबांना स्थळ पसंत पडलं."

तिनं नदीकडं पाहिलं. नदीपलीकडं एक ठिपका उठून उभा राहिला. बराच वेळ तसाच होता... मग बाभळींमागं गेला.

खाली आई भात कालवत होती. छताच्या कठड्यावर एक धोबी उतरला, शेपूट हलवत दोन पावलं चालला. यंदाचा पहिला. तिनं एकटीनंच पाहिला.